तीस वर्षांची बाटली कशी उघडावी?

प्रश्न : लेकीने पोर्तुगालहून १९९४ ची व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची गोड, कडक वाइन) आणली आहे. कोजागरीला गच्चीवर आठ जण जमतो. कशी उघडू?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : भाग्यवान आहात! बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, गाळ तळाशी बसेल. बूच जपून काढा. जुनं बूच भुगा होतं. मग मलमलीतून काचेच्या भांड्यात सावकाश ओता आणि गाळ दिसला की थांबा. मी एकदा घाई केली, शेवटचे दोन पेले चोथ्यासारखे निघाले. अजून हळहळ वाटते. प्रत्येकी ८० मिली पुरे, अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास असतं. आंबवण मध्येच द्राक्षाच्या स्पिरिटने थांबवतात, म्हणून साखर उरते आणि ही गोडी द्राक्षाचीच. सोबत अक्रोड ठेवा. मसाला दूध मात्र नंतर. उरली तर दोन दिवसांत संपवा.