आधी सेट पूर्ण कर

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझा शनिवारचा लांबलचक मेसेज मी दोनदा वाचला. एक ट्रेनर म्हणाला, स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा दांडा (बार) घेऊन उठबस करताना गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे गेला की गुडघ्याची वाट लागते. दुसरा म्हणाला, मुलींनी बारला हात लावायचा नाही, आधी सहा महिने ट्रेडमिल. तिसऱ्याने काउंटरवरचा प्रोटीनचा डबाच पुढे केला. आणि तू चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्या उठबशीला, बार रॅकवर ठेवलास, बाटली उचललीस आणि घरी आलीस. आता मला विचारतेस, "काकू, यांच्यातलं खरं कुणाचं?"

खरं कुणाचं ते बघू नंतर. तू सेट, म्हणजे एका दमात करायच्या ठरलेल्या रेप, अर्धा का टाकलास, ते मला आधी सांग.

स्क्वॉटला खाली जाताना आपण छातीभर श्वास घेतो, पोट घट्ट करतो, तो श्वास धरून ठेवतो. त्या दाबाने कणा सावरला जातो, म्हणून वजन पेलतं. अशा वेळी कुणी "ओ मॅडम, असं नाही" म्हणालं आणि तू मान वळवून "काय सर?" केलंस, की श्वास सुटला, पोट सैल पडलं, मान वाकडी झाली, आणि खांद्यावर बार तसाच. त्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर असला तरी तुझी कंबर त्या क्षणी धोक्यात. म्हणून सेट चालू असताना कुणाचंही ऐकायचं नाही. ट्रेनरचं नाही, मालकाचं नाही, शेजारच्या बाकावरच्या ताईंचं नाही. आधी सेट पूर्ण करायचा.

ऐकण्याला अपवाद एकच. "कॉलर (बारवरची प्लेट अडवणारी कडी) सुटलीय", "प्लेट सरकतेय", "मागे माणूस आहे" असं कुणी ओरडलं तर त्याच क्षणी थांबायचं. तो सल्ला नव्हे, तो धोक्याचा इशारा. हा फरक तुला आवाजावरूनच कळेल.

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, दिवसांत तू लहानपणापासून सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज बघत आलीयस. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती उंच काठी उभी पेलून चालतो, दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी. त्याचा सराव संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून चाललेला असतो. शिकवणं, टोकणं, रागावणं सगळं त्या सरावात. काठी कमरेशी उभी असताना त्याच्या कानाशी जाऊन कुणी सोलापूरकर "पाय जरा असा टाक" म्हणेल का? एवढी समज आपल्या गावाला आहे, ती जिमच्या दारात चप्पल काढताना बाहेरच राहते, याचा मला फार राग येतो.

आता सेट झाल्यावर काय करायचं, तेही ऐक. बार ठेव, घाम पूस, आणि त्यांना विचार: "सर, कुठल्या रेपला दिसलं तुम्हाला?" एवढा एकच प्रश्न. ज्याने खरंच तुझ्याकडे पाहिलंय तो सांगेल, "तिसऱ्या रेपला डावी टाच उचलली", "वर येताना गुडघे आत येतात." असा माणूस मोलाचा, त्याचे आभार मान आणि तो सांगतो ते वहीत लिही. ज्याने पाहिलंच नाही तो म्हणेल, "तुमचा फॉर्मच चुकतोय, पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घ्या." त्यालाही नमस्कार कर, "विचार करते सर" म्हण, आणि पुढच्या सेटला लाग.

त्यांच्यावर चिडू मात्र नकोस. मी उभा जन्म चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात घालवला, कमिशनवर काम करणाऱ्या माणसाची महिनाअखेर मला कळते. बहुतेक जिममध्ये ट्रेनरचा पगार बेताचाच, खरी कमाई पीटीच्या पॅकेजमधली आणि डब्यांच्या विक्रीतली. पंचवीस तारखेनंतर सल्ले वाढतात की नाही, तूच लक्ष ठेवून बघ. ती पोरंही आपल्याच पेठांतली, कुणाच्या घरी आई विड्या वळते, कुणाचे वडील लूमवर. त्यांनी विकावं, त्यात गैर नाही. पण तू विकत घेतेयस की शिकतेयस, हे तुझं तुला कळायला हवं.

आता ते गुडघ्याचं. २००३ साली संशोधकांनी वजन उचलायची सवय असलेल्या सात पुरुषांकडून दोन्ही तऱ्हांनी स्क्वॉट करून घेतले, एकदा मोकळे आणि एकदा समोर फळी लावून, म्हणजे गुडघा पुढे जाणारच नाही. फळी लावल्यावर गुडघ्यावर येणारा पीळ दीडशेवरून सुमारे ११७ न्यूटन-मीटरवर आला. पण खुब्यावरचा २८ वरून तीनशेच्या वर गेला, कारण गुडघा अडवला की धड पुढे झुकतं. भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. माणसं सातच होती, म्हणून हा शेवटचा शब्द समजू नकोस. पण "गुडघे गेले" म्हणून घाबरवण्याइतकं ते सोपं नाही. तुझ्या मांडीचं हाड लांब आहे, तुझा गुडघा थोडा पुढे जाणारच. दुखतंय का? नाही ना? मग सेट पूर्ण कर. दुखायला लागलं तर ट्रेनरकडे नाही, हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

डब्याचं त्याहून सोपं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरली आहेत. वजन उचलणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये आला, त्यात १.६ ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही. तू ५२ किलोची, म्हणजे ४३ ते ८३ ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी. एका अंड्यात सहा ग्रॅम. डाळ, दही, मटकी, ज्वारीची भाकरी धरून मोजायला लाग. शेंगाचटणी मोजू नकोस. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली असतात, पण जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि चटणी आपण चमच्याने खातो. याच संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात अंग कमवण्यासाठी प्रोटीनचे डबे घेऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. वही भरून महिना झाला आणि तरी तूट दिसली, तर बोलू. त्याआधी पैसे काढायचे नाहीत.

ट्रेडमिलवाल्याला उत्तर द्यायचीसुद्धा गरज नाही.

पण खरं सांगू का, तुझा मेसेज वाचून मला माझी जाऊबाई आठवली. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती मोठ्या उमेदीने जिमला जायला लागली होती. वर्षाची फी भरलेली, नवे बूट घेतलेले, पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. एक दिवस ती सायकलवर असताना एका ट्रेनरने सगळ्यांदेखत तिच्या पोटाकडे बोट दाखवून म्हटलं, "अक्का, हे असं नाही जायचं, आधी रात्रीचं जेवण सोडा." ती सायकलवरून उतरली ती उतरलीच. ते बूट कितीतरी दिवस तसेच कपाटाखाली होते. बरं, सल्ला तरी बरोबर होता का? पोटाच्या व्यायामाने नेमकी पोटाचीच चरबी जात नाही हे खरं, पण बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईला रात्रीचं जेवण सोडा म्हणणारा माणूस कसला मार्गदर्शक? आज ती जिना चढताना मध्ये थांबते. तेव्हा कुणीतरी तिला म्हणायला हवं होतं, "बाई गं, उरलेली दहा मिनिटं पूर्ण कर, मग उतर." तिच्याजवळ तेव्हा कुणी नव्हतं. ही खंत माझ्या मनातून जात नाही, म्हणून तुला इतकं लिहितेय.

मला लोक हट्टी म्हणतात. घरातलेसुद्धा. पन्नाशीनंतर मी बारला हात लावला तेव्हा मला छोटी रंगीत डंबेल्स हातात देणारे कमी नव्हते. "या वयात हाडं सांभाळा काकू." हाडं सांभाळायलाच तर मी आले होते! ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायकांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जड डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) आणि स्क्वॉट करायला लावले. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली होती आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली होती. २०१८ मध्ये ते छापून आलं. मी तो कागद छापून वहीत चिकटवला. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी मी साठ किलो उचलते, आणि ते मी हट्टानेच मिळवलंय. जो हट्ट रोज वहीत लिहिला जातो, त्याला मी दोष मानत नाही.

त्या चाचणीतल्या बायकांवर जाणकार प्रशिक्षकाची देखरेख होती, हेही त्याच कागदात आहे. म्हणून ट्रेनर नकोतच असं मी कधी म्हणणार नाही. मला डेडलिफ्ट शिकवली ती एका ट्रेनरनेच. तो पोरगा माझा सेट संपेपर्यंत हाताची घडी घालून गप्प उभा राहायचा. त्याला मी आजही गुरू मानते.

एका बाबतीत मात्र सेटची वाट बघायची नाही. न विचारता कुणी कमरेला, पाठीला हात लावला तर बार ठेव आणि मोठ्याने म्हण, "हात लावायचा नाही." नंतर मालकाला लेखी दे, तारीख घालून, त्याची प्रत माझ्याकडे. यात संकोच केलास तर मी स्वतः येईन.

सोमवारी परत जा. तीच वेळ, तोच रॅक, वजन मागच्या वेळचंच. चौथ्या रेपला जिथे सोडलंस, तिथून पुढे जा. प्रत्येक सेटचे आकडे लिही, आणि मिळालेले सल्ले वहीच्या मागच्या पानावर, कुणी दिला आणि कुठल्या रेपबद्दल दिला, एवढंच. पुढचे चार आठवडे एकही व्यायाम बदलायचा नाही. मग आपण दोघी मिळून ते मागचं पान वाचू, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलू. मधल्या काळात कुणीही सांगितलं तरी बदल नाही, उद्या मी फोन करून सांगितलं तरी नाही.

तुझी,
काकू