मिशनच्या गावी मांडलेला संसार : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालात मंडळीतर्फे (म्हणजे चर्चतर्फे) परदेशी सेवेला निघालेल्या पुण्याच्या कुटुंबांची बरीच पत्रं आहेत. सुवार्तेबद्दल, म्हणजे येशूच्या संदेशाबद्दल, एकानेही विचारलेलं नाही. शाळा, डाळ, ताप आणि पैसे, एवढेच विषय. ते योग्यच आहे. पाळकसाहेबांच्या निरोपसमारंभात या गोष्टी कुणी काढत नाही आणि संसार अडतो तो इथेच.

मिस्टरांना मलावीत ब्लँटायरला मंडळीच्या शाळेवर बोलावलं आहे. मुदत पाच वर्षांची. मुलगी जूनमध्ये सातवीत जाईल, मुलगा दुसरीत. मुलीच्या शिक्षणाचं काय होईल? सासूबाई म्हणतात, तिला माझ्याकडे ठेवा. – एक आई, घोरपडी

ताई, आधी बोटं मोजा. आज सातवी, अधिक पाच, म्हणजे परतताना मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर. दहावी तिथेच होणार, आणि खरी अडचण तीच आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या जागेसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. केवळ अधिवास दाखल्यावर भागत नाही. अभियांत्रिकीला आईवडिलांच्या अधिवासावर वाट निघू शकते, पण त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कुणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

म्हणून पाठवणाऱ्या समितीला आत्ताच सांगा : पाच वर्षं सलग नकोत, दोन अधिक तीन करा. दोन वर्षांनी मुलगी नववीला पुण्यात येऊ शकते. नववी-दहावी एकाच बोर्डाची असलेली बरी, कारण थेट दहावीत प्रवेश द्यायला शाळा सहसा राजी नसतात. ते जमलंच नाही तर १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बोर्डाच्या परीक्षेला बसायचा) आहे, किंवा एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी, तिला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. हे दोन्ही मार्ग रीतसर आहेत. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, मात्र अभ्यास घरी करून घ्यावा लागतो आणि तो बहुधा आईच्याच गळ्यात पडतो.

गणित-विज्ञान मुलं भरून काढतात. मागे पडतं ते मराठी. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. घरी बोलणं सुरू असलं तरी दोन वर्षं लिहिलं नाही की जोडाक्षरं जातात, मग ऱ्हस्व-दीर्घ जातं. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीतून दोघांची पुढच्या दोन-दोन इयत्तांची मराठीची पुस्तकं घ्या. त्यांच्या संकेतस्थळावरही ती मिळतात, पण वीज गेल्यावर छापील पुस्तकच कामाला येतं. रोज वीस मिनिटं, त्यातली दहा लिहिण्याची. पवित्र शास्त्रातला एक उतारा मोठ्याने वाचणं चांगलं, पण ती भाषा जुनी. मुलगा ‘तो म्हणाला’च्या जागी ‘तो वदला’ लिहायला लागला तर हसू नका, पाठ्यपुस्तक पुढे करा.

निघताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. मेमध्ये शाळा बंद असतात, म्हणून एप्रिलातच अर्ज द्या. मलावीत बहुतेक शाळांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. जून ते ऑगस्ट हा काळ मुलांना चिचेवा भाषा शिकायला द्या, शेजारच्या अंगणात सोडलं तरी पुरे.

सासूबाईंचं मन मोडू नये, पण मुलीला मागे ठेवणं हा पहिला पर्याय नको. ठेवायचंच ठरलं तर तिला विचारून, सांगून नव्हे. आणि शाळेसाठी व दवाखान्यासाठी आजीच्या नावाचं लेखी अधिकारपत्र करून ठेवा, नाहीतर अपेंडिक्सच्या ऑपरेशनला सही कुणाची यावर रात्री बारा वाजता फोनाफोनी होते.

माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. आम्हीही मलावीलाच. स्वयंपाकघरातलं काय न्यावं? – वानवडी

तूरडाळ नेऊ नका. मलावी तूर पिकवणारा देश आहे, भारतातही त्यांची तूर येते. तिथे तिला नांदोलो म्हणतात. बाजारात ती बहुधा अख्खी मिळते. रात्रभर भिजवून कुकरला नेहमीच्या डाळीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. सालीसकट आमटी दाट आणि थोडी तुरट होते, चिंच-गूळ जरा पुढे ठेवला की जमते. फोडलेली डाळ, जिरे-मोहरी, हळद ब्लँटायर आणि लिंबे इथल्या भारतीय दुकानांत मिळते. तिथे गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

भाकरीचं मात्र बऱ्याच जणींचं पहिल्या आठवड्यात बिघडतं. तिथला रोजचा न्सीमा (घट्ट उकड) मक्याच्या पांढऱ्या पिठाचा. ते पीठ, म्हणजे ऊफा, कोंडा काढून दळलेलं असतं. त्याची भाकरी थापताना कडा फाटतात. दुकानात ‘मगाइवा’ मागा, ते अख्ख्या मक्याचं. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी उकळून, त्यात पीठ घालून, झाकून दहा मिनिटं वाफ मुरू द्यावी आणि गरम असतानाच मळावं. गार पाण्यात मळलं की संपलं. ज्वारीही आहे, तिला मापिरा म्हणतात. दळून आणावी लागते.

बॅगेत जागा द्यायची ती या वस्तूंना : कुकर, त्याच मापाच्या दोन गास्केट आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह (तिथे तुमच्या कंपनीचं माप मिळेल या भरवशावर राहू नका), पोळपाट-लाटणं, तवा, काळा मसाला, हिंग, आणि नाताळच्या फराळासाठी सोऱ्या व करंजीचं कातणं. साचा नसला तर चकली होत नाही, आणि चकलीवाचून नाताळ म्हणजे मुलांच्या लेखी नुसती उपासना. मिक्सर न्यायला हरकत नाही, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. प्लग तेवढा चौकोनी तीन पायांचा, तेव्हा ॲडॉप्टर चांगल्या प्रतीचा घ्या. स्वस्त ॲडॉप्टर मिक्सरच्या भाराने वितळतो. कढीपत्त्याचं रोप, बी-बियाणं, ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

वीज जाते तेव्हा तिथे मबाऊला पेटवतात, म्हणजे आपली कोळशाची शेगडी. ती ओट्यावर नाही, अंगणात. थंडीत खोलीत ठेवून दार लावून झोपणं जिवावर बेततं, कारण कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइडला) वासही येत नाही.

मलावीला निघालोय, पाच वर्षांचा मुलगा सोबत आहे. मलेरियाची भीती वाटते. कोणती लस घ्यावी? – पिंपरी

जाताना टोचून मोकळं व्हावं अशी लस प्रवाशांसाठी नाही. प्रतिबंधक गोळ्या आहेत, आणि त्या वजनावर ठरतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, निघण्याआधी एक-दोन दिवसांपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत. मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदा, ती किमान दोन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुटुंबाने गोळ्या किती काळ घ्याव्यात हे प्रवास-आरोग्य पाहणाऱ्या डॉक्टरांशी ठरवा, मनाने बंद करू नका.

खरी ढाल औषध लावलेली मच्छरदाणी. ती जमिनीपर्यंत लोंबती ठेवू नका, गादीखाली चारही बाजूंनी खोचा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत. साधारण तीन वर्षांनी बदला. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, तेव्हा जास्त सांभाळा. ताप आला की त्याच दिवशी तपासणी. क्रोसीन देऊन उद्याची वाट पाहायची नाही. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार लहान मुलांत एका दिवसात गंभीर होतो.

सुट्टीला पुण्यात आल्यावर ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय’ हेच हवं. नाहीतर पुण्यात पावसाळ्यातला ताप म्हणजे आधी डेंगी धरला जातो आणि दोन दिवस जातात.

मलावी सरोवराचं पाणी काचेसारखं दिसतं, पण त्यात बिल्हार्झिया या रोगाचे बारीक कृमी कातडीतून शिरतात. मुलं उतरलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा. औषध आहे आणि ते साधं आहे.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस मलावीसाठी नव्हे, वाटेसाठी. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे विमान असेल तर दाखला मागितला जाऊ शकतो, परतताना भारतातही. दाखला टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. मुलाची एमएमआर राहिली असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर.

आमच्या मंडळीचा ट्रस्ट एका कुटुंबाला केनियात दरमहा ३०,००० रुपये पाठवू इच्छितो. कसे पाठवावेत? – खजिनदार, खडकी

ट्रस्टच्या खात्यातून परस्पर पाठवू नका. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना, म्हणजे वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंतची सोय, फक्त व्यक्तींसाठी आहे, संस्थांसाठी नाही. शिवाय धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेला खर्च प्राप्तिकराच्या सवलतीत धरत नाहीत, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. अनेक खजिनदार इथे एफसीआरएचं नाव घेतात. तो कायदा बाहेरून येणाऱ्या पैशाचा, इथे त्याचा संबंध नाही.

दहा घरांनी प्रत्येकी ३,००० वैयक्तिकरीत्या पाठवता येतात : पॅन, ए-टू अर्ज (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा फॉर्म), कारण ‘भेट’. पण त्यातही खाच आहे. नातलग नसलेल्या भारतीय रहिवाशांकडून वर्षाला ५०,०००पेक्षा जास्त भेट मिळाली तर पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या भारतातल्या उत्पन्नात धरतात. वर्षाचे ३,६०,००० होतात, म्हणजे त्या भावाने इथे विवरणपत्राचा विचार करायलाच हवा. त्यापेक्षा दात्यांनी केनियातल्या यजमान मंडळीला देणगी द्यावी आणि तिने मानधन द्यावं, हे स्वच्छ. मात्र अशा देणगीवर दात्याला इथे ८०-जीची (देणगीवरची) करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. बँक प्रत्येक व्यवहाराला ठरावीक शुल्क आणि जीएसटी लावते, म्हणून दरमहा नको, तिमाहीने पाठवा.

त्या कुटुंबाचं इथलं बचत खातं अजून साधंच असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्यायला सांगा. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, मुदतवाढ मिळत नाही.

नेपाळला व्हिसा लागत नाही. मग सहकुटुंब जाऊन प्रचार करायला काय हरकत? – बिबवेवाडी

व्हिसा लागत नाही, कायदा लागतो. तिथल्या २०१७च्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. मुलं शाळेत घातलेल्या बापाने हे आधी वाचावं. दवाखाना, शाळा असं जे काम उघडपणे सांगून जाल, तेच करा.

बाळ तिकडेच होणार आहे. कागद कोणते? – नवी सून, खडकी

स्थानिक जन्मदाखला लगेच घ्या आणि एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करा. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ते लांबतं. दवाखान्यातला कारकून विचारेल तेव्हा नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तोंडी सांगू नका. तिथे मधलं नावच आडनाव म्हणून चढतं. दोघांचे पासपोर्ट पुढे ठेवा, स्पेलिंग त्यावरून उतरवायला लावा आणि सही करण्याआधी एकेक अक्षर वाचा.