सात की साठ?

सिग्नल्समधील, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलातील (कोअर ऑफ सिग्नल्स) नोकरी आणि निवृत्तीनंतरचे काम याविषयी गेल्या महिन्यात मी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः या कोअरमध्ये 28 वर्षे काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता साताऱ्यात राहतो. पावसाळ्यात गावोगावच्या निरोपांच्या कामात मी स्वयंसेवक असतो. पुढे जे लिहिले आहे ते या दोन्ही अनुभवांतून आले आहे.

प्रश्न : सुभेदारसाहेब, सिग्नल्समध्ये 24 वर्षे नोकरी करून मी यंदाच हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि कृष्णाकाठच्या माझ्या गावी परतलो. 2019 च्या महापुरात मी सरहद्दीवर होतो. तीन दिवस घरच्यांचा आवाज कानावर पडला नाही. ती गोष्ट अजून मनातून जात नाही. गावासाठी काही करावे असे वाटते, पण वायरलेस सेट तर पलटणीतच राहिले, आणि हातोहाती मोबाइल असताना माझ्या विद्येचा गावाला उपयोग काय, हेही कळत नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : आपल्या पत्रातले ते तीन दिवसच आपल्या शंकेचे उत्तर आहेत. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तेथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे काठच्या गावांची अवस्था समजते. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की काही तास बॅटरीवर आणि त्यानंतर डिझेलच्या जनरेटरवर तो तग धरतो. पण रस्ता पाण्याखाली गेला की डिझेल पोहोचत नाही, आणि पुलाच्या किंवा रस्त्याच्या कडेने नेलेली फायबर केबल तुटली तर मनोरा उभा असूनही मुका होतो. त्यातच ज्यांचे फोन चालू असतात ते सगळे एकाच वेळी फोन लावू लागतात. म्हणजे ज्या दिवशी निरोपाची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी हे साधन सर्वांत कच्चे असते.

सेट पलटणीत राहिला, हे खरे. परंतु निरोप नेमका लिहायचा, सावकाश बोलायचा, ऐकणाऱ्याकडून परत वाचून घ्यायचा आणि वेळेसह लॉगमध्ये नोंदवायचा, ही जी सवय जबलपूरच्या किंवा गोव्याच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्तादांनी आपल्या अंगात मुरवली, ती आपल्याबरोबर गावी आली आहे. गावाकडे नेमकी तीच नसते. पुरात माणसे धावायला तयार असतात, नावा मिळतात, अन्नाची पाकिटेही गोळा होतात. चूक होते ती कोणी कोणाला काय सांगितले यात.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यातली चूक माझीच होती. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात एका वस्तीवर सात कुटुंबे अडकली असल्याचा निरोप मी घाईघाईने फोनवरून पुढे दिला. पलीकडे पावसाचा आवाज, लोकांचा गलका आणि तुटक लाइन. ऐकणाऱ्याने 'साठ' लिहून घेतले. मी निरोप परत वाचून घेतला नाही. ज्या माणसाने हजारो संदेश परत वाचून घेतले, त्याने गावाकडे आल्यावर ते सोडून दिले, कारण समोर ओळखीचा माणूस होता. साठ कुटुंबांची पाकिटे त्या वस्तीवर गेली आणि पलीकडच्या गावातील लोक संध्याकाळपर्यंत उपाशी बसले. त्या दिवसापासून घरच्या माणसाला सिलिंडरचा नंबर सांगतानाही मी एकेक आकडा सुटा सांगतो.

मराठी आकडे तारेवर आणि रेडिओवर फार दगा देतात. सात आणि साठ हे त्यातले सर्वांत वाईट जोडपे. पण त्रेचाळीस आणि त्रेपन्न, एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, पंचेचाळीस आणि पंचावन्न हेही आवाज तुटला की एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. म्हणून गावातल्या मुलांना पहिला धडा हाच द्यावा की आकडा आधी नेहमीसारखा आणि लगेच सुटा सांगायचा: 'साठ, सहा-शून्य', 'सात, शून्य-सात'. आकड्याला एकक जोडलेच पाहिजे. आपल्याकडे धरणातला साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये आणि पुलाखालची पातळी फुटांत सांगतात; त्यामुळे 'कोयनेतून पन्नास सोडले' या वाक्यातून काहीच कळत नाही, मात्र ते ऐकून गावभर घबराट होते. गावांच्या नावांचीही तीच गत आहे. वडगाव, बोरगाव, शिरगाव एकाहून अधिक आहेत, म्हणून नावापुढे तालुका हवा. अक्षरे सांगायला आल्फा-ब्राव्होची, म्हणजे ए-बी साठी ठरलेल्या इंग्रजी शब्दांची, गरज नाही. 'क कमळातला, ब बदकातला' हे प्रत्येक मराठी माणसाने बालवाडीतच पाठ केले आहे, आणि ते आवाजाच्या दृष्टीनेही पुष्कळ सुटे आहे.

आता कामाची रीत. आपण आधी तहसील कार्यालयात जाऊन स्वतःचे नाव, लष्करातला ट्रेड (कामाचा प्रकार) आणि उपलब्धता लेखी द्यावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे आणि त्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात; नियंत्रण कक्ष त्यांच्याच अखत्यारीत चालतो आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक 1077 आहे. त्या व्यवस्थेला बगल देऊन स्वतःचे वेगळे नेट, म्हणजे संदेशांचे जाळे, उभारण्याचा मोह होतो; तो टाळावा. एकाच कामाला दोन कंट्रोल स्टेशन (जाळे चालवणारी मुख्य केंद्रे) झाली की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पोलीस पाटील, सरपंच, आशाताई आणि नावाडी या चौघांना बसवून गावातला निरोप कोणाकडून कोणाकडे जाणार, तो माणूस नसेल तर त्याच्या जागी कोण, हे एका कागदावर ठरवावे आणि तो कागद ग्रामपंचायतीत लावावा. मग मेमध्ये एक दिवस मोबाइल बंद ठेवून तालीम घ्यावी. पहिल्या तालमीत सगळा गोंधळ होईल. ती त्यासाठीच घ्यायची असते.

वायरलेसचा भाग यानंतर येतो. लष्करात सेट चालवला म्हणून नागरी जीवनात प्रक्षेपण करण्याचा हक्क मिळत नाही; त्यासाठी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना स्वतःच्या नावाने काढावा लागतो. तो मिळाल्यावर आपल्या भागासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हातातला व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) सेट पाच वॉटचा असतो आणि त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात; पलूस-वाळव्याच्या सपाटीवर तो बरा चालेल, पण पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यात डोंगर आडवा आला की तो निकामी ठरतो. तेथे एचएफ, म्हणजे त्याहून कमी वारंवारतेच्या लहरी, लागतात. 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तार मधोमध तोडून, दोन्ही टोके पाच-सहा मीटर उंचीवर ताणून बांधली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परततात आणि छत्रीसारख्या खाली पसरतात. मधला डोंगर आड येत नाही आणि दोन-तीनशे किलोमीटरपर्यंतचा मुलूख आवाक्यात येतो. उंच खांब नसला तरी या कामाला अडत नाही, किंबहुना कमी उंचीच येथे उपयोगी पडते. रात्री मात्र हीच फ्रिक्वेन्सी जवळच्यांना सोडून लांब जाऊ लागते, तेव्हा 3.5 मेगाहर्ट्झची दुपटीने लांब तार आधीच तयार ठेवावी. शंभर वॉटचा सेट ऐकताना एखादा अँपिअर घेतो, पण बोलताना वीस अँपिअरच्या आसपास ओढतो. ट्रॅक्टरची बॅटरी किती वेळ पुरेल हे म्हणूनच बोलणाऱ्याच्या शिस्तीवर ठरते.

प्रश्न : मी मिरजेत अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. मला हॅम रेडिओ शिकायचा आहे आणि पुढे सिग्नल्समध्ये जायचे आहे. मोर्स (टिंब-रेषांची तारेची लिपी) शिकावाच लागेल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : परवान्यासाठी वयाची 12 वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे तू पात्र आहेस. परवाना केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग देतो आणि त्याआधी परीक्षा असते. तीत विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरल श्रेणीला लागतो. भारतीय हॅमच्या कॉलसाइनची, म्हणजे हवेवरच्या ओळखनावाची, सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होते. व्यापारी कामासाठी हा रेडिओ वापरता येत नाही, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला सक्ती नसली तरी मोर्स अवश्य शीक, कारण आवाज ओळखू येणार नाही इतका क्षीण झाल्यावरही 'कट्ट-कड' ऐकू येते. आणि मोर्स कागदावरच्या टिंबांतून पाठ करू नकोस, कानाने शीक. कागदावरून शिकलेल्या मुलांचा वेग पुढे अडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सैन्यात जाण्याचे ठरवशील तेव्हा गणित आणि भौतिकशास्त्र पक्के असू दे. अधिकारी होऊन सिग्नल्समध्ये गेलास तर महूच्या दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात याच दोन विषयांच्या पायावर पुढचे सारे उभे राहते.

प्रश्न : आमच्या शाळेत एका निवृत्त सिग्नल्स जवानाला बोलवायचे आहे. त्यांनी मुलांना काय सांगावे आणि काय सांगू नये?
— एक शिक्षिका, फलटण

उत्तर : 1923 चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो, म्हणून युनिट कोठे होते, कोणते सेट आणि कोणत्या फ्रिक्वेन्सी वापरल्या, संकेत कसे होते, हे विचारू नये आणि त्यांनी सांगू नये. मुले विचारतीलच, त्यांना आधी समजावून ठेवा. सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हे कोअर 15 फेब्रुवारी 1911 रोजी स्थापन झाले, त्याचे ब्रीद 'तीव्र चौकस' आहे. गोळीबार चालू असताना तुटलेली तार जोडायला लाइनमन एकटा कसा जातो, हे त्यांना सांगू द्या. शक्य झाल्यास दहा मुलांची रांग करून एक निरोप कानोकानी पाठवा आणि तोच निरोप दुसऱ्या रांगेतून लिहून व परत वाचून पाठवा. शेवटी दोन्ही फळ्यावर लिहा.

प्रश्न : आमचे हे सिग्नल्समधून निवृत्त होऊन पाच वर्षे झाली. गावच्या पूर समितीत ते मन लावून काम करतात. पण पोरांनी वेळ पाळली नाही, नोंद ठेवली नाही, की त्यांना फार लागते; घरी येऊन दोन-दोन दिवस बोलत नाहीत. मागच्या वर्षी तर समिती सोडतो म्हणाले. मी बचत गटाचे हिशेब पाहते, मला माणसांशी वागणे थोडेफार कळते. पण यांना कसे सांगावे ते कळत नाही.
— एक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण अशा अबोल्याचे दिवस माझ्याही घराने पाहिले आहेत. सिग्नलवाल्याच्या हातून एक नोंद राहिली तर पुढे कोणाचा तरी जीव जाऊ शकतो, हे आम्हाला वीस-बावीस वर्षांच्या वयात शिकवतात आणि ते आयुष्यभर सुटत नाही. म्हणून पोराने वही कोरी ठेवली की तुमच्या मालकांना ती आळस वाटत नाही. त्यांना त्यात बुडालेले घर दिसते. हे त्या पोरांना ठाऊक नसते, आणि त्यांनी ते कधी सांगितलेही नसेल. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी ते पोरांना एकदा शांतपणे सांगावे.

दुसरी गोष्ट कठीण आहे. पलटणीत माणूस चोवीस तास पलटणीचा असतो. गावातला स्वयंसेवक सकाळी धारा काढून, उसाला पाणी पाजून, पोराला शाळेत सोडून येतो. त्याच्याकडून रोज आठ तासांची अपेक्षा केली तर तो महिन्याभरात येईनासा होतो. दोन तासांचे एकच काम नेमून दिले तर तो पाच वर्षे येतो. मी माझ्या गटात वेळेचे तक्ते फाडले आणि प्रत्येकाला एकच काम दिले: एकाने फक्त पाण्याची पातळी लिहायची, एकाने फक्त बॅटऱ्या भरायच्या. आता नोंदी चुकत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण चुकलेली नोंद कोणाची, हे शोधावे लागत नाही आणि आवाज चढवावा लागत नाही.

समिती सोडू देऊ नका. कराडला कोयना आणि कृष्णा एकत्र येतात. दोन्हीकडचे पाणी एकदम वाढते तेव्हा तेथे त्यांच्यासारखा माणूस कंट्रोलवर बसलेला हवा. आणखी एक सुचवतो. बचत गटातल्या बायकांना कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, कोणाचे गुरांचे दावे अंधारात सुटत नाही, हे पूर समितीच्या कोणत्याही यादीपेक्षा नेमके माहीत असते. आमच्या गटाला ते उमगायला तीन पावसाळे लागले. गटाची पुढची बैठक असेल तेव्हा त्यांना अर्धा तास येऊन बसू द्या आणि बायका सांगतील ते वस्तीवार वहीत उतरवून घेऊ द्या. लिहून झाल्यावर ते सगळे तुम्हाला परत वाचून दाखवतील, आणि चुकले असेल तेथे तुम्ही त्यांना थांबवा.