मे महिन्यात आठ दिवस बाहेरगावी जायचंय, घरच्या बोक्याची सोय कशी लावावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर फ्लॅट, चार वर्षांचा नसबंदी झालेला बोका, वजन साडेचार किलो, खाणं कोरडं, आणि मे महिन्यात आठ दिवस कोकणात जायचंय. शेजारच्या काकू म्हणतात वाट्या भरून ठेवा, मी दोन दिवसांनी डोकावून जाईन. भाऊ म्हणतो पुण्याला माझ्याकडे आणून सोडा. माझ्या मते दोन्ही नको. बोका घरीच राहू द्या आणि कोणीतरी दिवसातून दोनदा त्याच्याकडे येऊ द्या.

मांजर जागेला धरून राहतं. परक्या घरात ते पलंगाखाली शिरून दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. अंगाने भरलेलं मांजर उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि हे दुखणं जिवावर बेततं. शिवाय तिथून निसटलं तर त्याला परतीची वाट माहीत नसते.

काकूंच्या सल्ल्यातली अडचण वेगळी आहे. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे किंवा चिकट स्राव अडकून लघवी तुंबली, तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. कोरडं खाणं, कमी पाणी आणि घरातला बदल यांनी हा धोका वाढतो. म्हणून येणाऱ्या माणसाचं पहिलं काम खायला घालणं नव्हे, बोक्याचा शी-शूचा ट्रे बघणं.

ट्रेमध्ये गोळा होणारं लिटर, म्हणजे लघवी शोषून तिचे गोळे बनवणारी दाणेदार माती, सात-आठ सेंटिमीटर जाडीचं घाला, म्हणजे लघवीचा हिशोब डोळ्यांनी दिसतो. साध्या वाळूत किंवा भुशात तो कळत नाही. तुमच्या बोक्याच्या वजनाला दिवसाला दोन ते चार गोळे, प्रत्येक साधारण मोठ्या लिंबाएवढा, हे ठीक. गोळे बोराएवढे आणि संख्येने जास्त निघाले, किंवा बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथतोय, ओरडतोय, खालची जागा चाटतोय आणि लिटर कोरडंच आहे, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरकडे न्यायचं. याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारे लोक आहेत, त्यात वेळ जातो. जायच्या आधी आठवडाभर तुम्हीच गोळे मोजा आणि रोजचा आकडा कागदावर लिहून ठेवा. येणाऱ्याला तुलनेला काहीतरी हवं.

खाण्याचं सोपं आहे. अशा बोक्याला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम कोरडं खाणं लागतं, नेमकं माप तुमच्या ब्रँडच्या पाकिटावर असतं. सकाळ-संध्याकाळच्या मापाच्या पुड्या वजन करून बांधा. सोळा लागतील, वीस ठेवा, परतीचा प्रवास लांबला तर उपयोगी पडतील. उरलेलं खाणं रोज फेकायचं, पण फेकण्याआधी किती उरलं ते बघायचं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर तुम्हाला फोन, त्यानंतरही खात नसेल तर दवाखाना. ओलं खाणं द्यायचं झालं तर समोर उभं राहून द्यावं, उरलेलं अर्ध्या-पाऊण तासात उचलावं. मे महिन्यात ते लगेच आंबतं. काकू प्रेमाने दूध घालतील, त्यांना आधीच सांगा. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि या उन्हात अंगातलं पाणी कमी होतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर थेंबभरही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मुंग्या येणारच. परातीत बोटभर पाणी घालून मधे खाण्याची वाटी ठेवा. मुंग्यांचा खडू मात्र ओढू नका. त्यातली औषधं मांजराच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. फिनाईलने फरशी पुसणं, कपाटात डांबरगोळ्या ठेवणं हेही या आठ दिवसांत बंद. ट्रे साबणाच्या पाण्याने धुतला तरी पुरे.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात दहा लिटर पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवा. येणाऱ्याला पाण्यासाठी धावाधाव नको. बोक्याला दिवसाला 200 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा, खाण्यापासून दूर. मातीचं परळ सर्वांत बरं, पाणी गार राहतं. पाणी साठवलेलं पिंप आणि बादल्या मात्र घट्ट झाकणाने बंद करा. उघड्या अर्ध्या पिंपात पडलेल्या मांजराला गुळगुळीत कडेवरून वर येता येत नाही.

उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम असतो. वरच्या मजल्यावर दुपारी सगळ्यांत गार जागा म्हणजे न्हाणीघराची फरशी. न्हाणीघराचं दार उघडं राहायला हवं आणि ते दोरीने बांधूनच ठेवायला हवं. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की वाऱ्याने दारं धाडकन आपटतात, आणि बोका एका खोलीत, ट्रे दुसऱ्या खोलीत असं होतं. आतली सगळी दारं बांधा, पश्चिमेच्या खिडक्यांवर जाड पडदे किंवा जुन्या चादरी लावा. हवेसाठी ज्या खिडक्या उघड्या ठेवणार त्यांना जाळी पक्की आहे का ते हाताने ओढून बघा. कूलर माणूस नसताना चालू ठेवू नका. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते उष्माघाताचं लक्षण समजा. नळाच्या साध्या पाण्याने अंग आणि पंजे ओले करायचे, बर्फ नाही, आणि लगेच दवाखाना. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधीच द्यायची नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं.

आपोआप खाणं सोडणारं यंत्र सोबतीला चालेल, माणसाच्या जागी नाही. घेतलंत तर सेलवर चालणारं घ्या आणि आधी आठवडाभर चालवून बघा. वीज गेली की वेळापत्रक बिघडतं, दाणे अडकतात.

आता माणूस. काकूच उत्तम, फक्त त्यांनी दोनदा यायला हवं. सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं. त्यांना जमत नसेल तर तुमच्या डॉक्टरांकडच्या मदतनिसाला विचारा, पैसे आणि रिक्षाभाडं आधीच बोलून घ्या. आधी दोन-तीनदा बोलावून बोक्याशी ओळख करून द्या, त्यातल्या एकदा तुम्ही घराबाहेर असा. दार फटीएवढंच उघडायचं, आत शिरून बंद करायचं, मगच हाक मारायची. तरीही निसटला तर आधी जिन्याखाली, पार्किंगमध्ये, गच्चीच्या टाकीमागे बघायचं. घरात वाढलेलं मांजर घाबरून जवळच दडतं. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च मारला की डोळे चमकतात.

बोर्डिंगचा, म्हणजे पैसे घेऊन मांजर सांभाळणाऱ्या जागेचा विचार फक्त माणूस मिळालाच नाही तर. तिथे कुत्र्यांपासून वेगळी खोली आहे का, आणि लसीचं कार्ड मागतात का, हे विचारा. जे मागत नाहीत तिथे ठेवू नका. मांजरांच्या तीन आजारांवरच्या एकत्र लसीचे पहिले दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने होतात, त्यामुळे आधी काही दिलेलं नसेल तर मार्चअखेरच सुरुवात करावी लागेल.

फ्रिजवर एक कागद चिकटवा: बोक्याचं वजन, वय, नसबंदी, लसींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर, रात्री आणि रविवारी येणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर. खाली तुमच्या सहीने लिहा की मी फोनवर मिळालो नाही तरी उपचार सुरू करावेत, अमुक रकमेपर्यंत माझी संमती आहे. घाटात आणि किनाऱ्यावर बऱ्याचदा फोनला रेंज नसते, आणि तुंबलेल्या बोक्याला नळी घालायला डॉक्टरांना मालकाचा होकार लागतो. ती रक्कम काकूंकडे देऊन ठेवा. न्यायची टोपली आजपासूनच उघडी ठेवा, आत त्याच्या रोजच्या झोपेची चादर घाला, म्हणजे गरज पडली तर तो आपणहून आत जाईल.

निघताना कुलूप लावण्यापूर्वी बोका डोळ्यांनी बघा. सामानाच्या गडबडीत मांजर कपाटात किंवा दिवाणात शिरतं आणि वरून दार बंद होतं.