जुना तांब्याचा बिअर टॉवर: आधी आतलं बघा

चमकवायची घाई नको, आधी टॉवर (बारवरचा, बिअरचा नळ बसवलेला पोकळ खांब) आतून उघडा. बिअर आम्लधर्मी असते, पीएच साधारण 4 ते 4.5, उघड्या तांब्या-पितळेतून तांबं तिच्यात उतरतं, आणि जुन्या डाखात शिसंही असू शकतं. म्हणून नळी नवी फूड-ग्रेड, आणि शँक (नळीला नळाशी जोडणारा तुकडा), नळ 304 स्टेनलेस स्टीलचेच घ्या. इथे काटकसर नकोच. नळाचा क्रोमचा मुलामा झिजून आतलं पिवळं दिसत असेल, तर तो नळ बाद.

बाहेरचं तांबं मात्र जपा. लॅकर (वरचा पारदर्शक संरक्षक थर) असेल तर अ‍ॅसिटोनने काढा (खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको). मग लिंबू-मीठ, भरपूर पाणी, आणि लगेच कोरडं पुसा. तारेची घासणी अजिबात नको, ओरखडे कायमचे राहतात. मला विचाराल तर जुना तपकिरी रंग पूर्ण घालवूच नये, फार देखणा असतो. टॉवरच्या पोकळीत नळीभोवती उष्णतारोधक फोम भरा, नाहीतर नळीतली बिअर कोमट होऊन पहिला ग्लास नुसता फेसाचा येईल.