टर्बो इंजिनाचा नवा इनटेक मॅनिफोल्ड जुन्यापेक्षा खरंच सरस आहे का, हे तपासायचं कसं?

तुमचं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बोवालं. त्यासाठी ॲल्युमिनियमचा वेल्ड केलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटून देणारा भाग) बनवून घेतलाय, बनवणाऱ्याने फ्लो बेंचवरचा (हवा किती वाहते ते मोजणाऱ्या यंत्रावरचा) एक मोठा आकडा हातात दिलाय, आणि तुम्ही विचारताय की तेवढ्यावर भरवसा ठेवावा का. आकडा खरा असेलही, पण तेवढ्यावर इंजिन सुरू करू नका. एकूण हवा किती जाते हे मी नंतर बघतो. चारही सिलिंडरना ती सारखी मिळते का, हे आधी.

कारण सांगतो. इंजेक्टर चौघांनाही सारखंच पेट्रोल देतात. टर्बोच्या नंतर बसवलेला लॅम्डा सेन्सर चौघांचा एकत्रित धूर मोजतो आणि 0.80 दाखवतो, म्हणजे फुल लोडला छान रिच (1 म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं जुळलेलं, त्याखाली पेट्रोल जास्त). पण एका सिलिंडरला 5 टक्के हवा जास्त मिळत असेल तर तो प्रत्यक्षात 0.84 वर चालतो, आणि 5 टक्के कमी मिळणारा 0.76 वर. सरासरी मात्र जिथल्या तिथे. लीन झालेला, म्हणजे पेट्रोल कमी पडलेला, तो एक सिलिंडर तापतो, सगळ्यात आधी नॉक होतो (मिश्रण अवेळी भडकतं), आणि मीटरवर तुम्हाला काहीच दिसत नाही.

हे मी एक इंजिन गमावून शिकलो. डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) पॉवरची रेघ शेवटपर्यंत चढती होती, आम्ही सगळे खूश होतो. मग स्पार्क प्लग काढले. चौथ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकणारे ठिपके होते, जणू कुणी चांदीची पूड भुरभुरली असावी. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड उघडलं तर पिस्टनची कड खाल्लेली. मॅनिफोल्डचं प्लेनम, म्हणजे हवा आधी जमते तो भाग, सरळसोट चौकोनी डबा होता आणि थ्रॉटल (हवेची झडप) पहिल्या सिलिंडरच्या टोकाला. हवा वेगात शिरायची, पहिल्या रनरच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) तोंडावरून तशीच पुढे निघून जायची आणि मागच्या भिंतीशी दाटायची. चौथ्याला मेजवानी, पहिल्याला उपास.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. बेंचच्याही आधी फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेवर) सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज हमखास वाकतो आणि मग गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, गळतो. त्यानंतर दाबाची चाचणी. प्लेनमची एक सपाट भिंत 30 बाय 10 सेंटीमीटरची धरा. 1.5 बार बूस्टला तिच्यावर साधारण 450 किलोचा जोर येतो. ही चाचणी पाणी भरूनच करा. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठलेली असते, वेल्ड फाटला तर पत्रा अंगावर येतो. पाण्यात वेल्ड नुसता ठिबकतो.

आता फ्लो बेंच. मॅनिफोल्ड एकटा ठेवून मोजू नका. तो हेडवर बसवा, व्हॉल्व्ह ठरावीक लिफ्टवर (उंचीइतके) उघडे धरा, थ्रॉटल बॉडी आणि तिच्या आधीचा वळणाचा पाइपसुद्धा जोडा. त्या वळणामुळे हवा एका बाजूला चिकटून आत येते आणि वाटपाचं गणित बदलतं. मग एकेक रनर मोजा. बेंचवर बहुधा 28 इंच पाण्याचा दाब वापरतात, म्हणजे जेमतेम 7 किलोपास्कल. त्यावरून बरेच जण म्हणतात की बूस्टवर चालणाऱ्या इंजिनाला या मोजणीचा काय उपयोग? उपयोग आहे. बूस्टने हवा दाट होते, सिलिंडरचं आकारमान वाढत नाही. दोन लिटरचं इंजिन 7000 आरपीएमला मिनिटाला साधारण 7000 लिटर हवा ओढतं, टर्बो असो वा नसो.

बेंचची खरी मर्यादा वेगळी आहे. तिथे हवा संथ, एकसारखी वाहते. इंजिनात 7000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 58 वेळा झटका देऊन ओढतो. शिवाय फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 असेल तर तिसऱ्याने ओढल्या ओढल्या शेजारचा चौथा ओढतो. हे बेंचवर दिसणं शक्य नाही.

त्यामुळे शेवटचा निवाडा इंजिनावरच. एक्झॉस्टच्या चारही नळ्यांत, टर्बोच्या आधी, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावा. तिथे लॅम्डा सेन्सर लावायचा मोह टाळा, मागच्या दाबाने त्याचं वाचन सरकतं. चौघांच्या तापमानात 20-25 अंशांचा फरक मी चालवून घेतो, 50 च्या पुढे गेला की रन थांबवतो. मग लगेच मॅनिफोल्डला दोष देत नाही. सगळ्यात तापलेल्या सिलिंडरचा इंजेक्टर दुसऱ्यात घालतो आणि पुन्हा मोजतो. उष्णता इंजेक्टरबरोबर गेली तर चूक इंजेक्टरची. तिथेच राहिली तर बहुतेक हवेची.

पॉवरची तुलना करताना आधी जुना, मग नवा, मग पुन्हा जुना असे रन घ्या. दुसऱ्यांदा लावलेला जुना पहिल्याइतकेच आकडे देत नसेल तर त्या दिवसाची तुलनाच बाद. प्लेनममधला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान तिन्ही वेळा सारखं ठेवा. हवामानाची दुरुस्ती लावलेले आकडे मी बाजूला ठेवतो, कारण बाहेरचा दाब घटला तरी टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो आणि दुरुस्तीमुळे फुकटची पॉवर दिसते. आणि नुसतं शिखर बघू नका. आखूड रनर वरच्या आरपीएमला देतात ते बहुतेक वेळा मधल्या आरपीएममधून काढून घेतात, म्हणून पूर्ण बूस्ट कोणत्या आरपीएमला येतो तेही लिहून ठेवा.

चौथा सिलिंडर लीन निघाला तर ईसीयूमधून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) त्याला थोडं जास्त पेट्रोल देता येतं. तेवढ्यावर काही दिवस निभावतं. पण माझं ऐकाल तर प्लेनम मागे निमुळतं करून घ्या, रनरच्या तोंडाला कर्ण्यासारखी गोलाई द्या, आणि पुन्हा बेंचवर चढवा.