टॅबलेटवर कीबोर्डचे आवाज वाजवणार असशील तर

मालवणच्या पूजेच्या कार्यक्रमात टॅबलेट घेऊन बसणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. आवाज कुठल्या ॲपमधून घेशील ते नंतर बघू. सुरुवातीला आयपॅडवरचं फुकटचं गॅरेजबँडसुद्धा पुरतं. आधी जोडणी नीट कर.

ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन स्टेजवर अजिबात नको. आवाज इतका मागे पडतो की ढोलकीवाल्याशी तुझा ताल जुळणारच नाही. मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी दाबली एवढंच टॅबलेटला कळवणारा) आणि ऑडिओ इंटरफेस (टॅबलेटचा आवाज मिक्सरकडे देणारा छोटा डबा), दोन्ही वायरनेच जोड. बफर, म्हणजे टॅबलेट आवाज सोडण्याआधी जमवून ठेवतो तो तुकडा, १२८ सॅम्पल ठेवलास तर ४४.१ किलोहर्ट्झला त्याने साधारण ३ मिलिसेकंद उशीर होतो, २५६ ला ६. इंटरफेसचा थोडा उशीर त्यात आणखी मिळवायचा. आवाज तडतडायला लागला तर बिनधास्त २५६ कर, बोटांना फारसं जाणवत नाही.

यूएसबी हब स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारा आणि टॅबलेटलाही चार्जिंग देणारा घे (सगळे हब देत नाहीत), म्हणजे वाजवताना टॅबलेट चार्जही होतो. तरी बॅटरी पूर्ण भरूनच घरून निघ. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि जनरेटरवर चार्जर लावला की कधीकधी गुणगुण येते. तेव्हा चार्जर काढायचा, मिक्सरकडे जाणारी वायर डीआय बॉक्समधून (अशी गुणगुण कमी करणारा, मध्ये जोडायचा छोटा डबा) न्यायची.

मे महिन्यात दुपारी साउंड चेक असेल तर टॅबलेट सावलीत ठेव. ॲपलच ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतं. उन्हात तापला की स्क्रीन मंद होते, कधी बंदच पडतो.

एअरप्लेन मोड चालू, ऑटो-लॉक बंद. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात कुठलंही अपडेट घेऊ नकोस.